तुम्ही आपसात बघून घ्या

कर्वेनगर, पुणे

लीव्ह अँड लायसन्स करारनामा,
मुदत महिने अकरा,
यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, येत्या रविवारी आपली सहावी भेट ठरली आहे. सकाळी दहाला एजंटाचा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येईल. घर नवं आहे, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या बंगल्यातला शेवगा दिसतो. बरोबर राहणाऱ्या दोघीही नव्या आहेत, एक नांदेडची आणि एक चिपळूणची. आम्हा तिघींची आजवर दोनदाच भेट झाली आहे. आतापर्यंत पाच वेळा तुम्ही सांगत गेलात आणि मी अंगठा टेकवत गेले. या वेळी अंगठ्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

आधी तुमचे आभार मानते, कारण ते राहून गेले आहेत. बार्शीहून पुण्यात आले तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. एका खोलीत चार कॉट, कॉटखाली पत्र्याची पेटी, ओला टॉवेल वाळत घालायला भिंतीतला एक खिळा. पैसे रोख, पावती नाही. एका संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत कॉट रिकामी कर. त्या पंधरा दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की या शहरात मी राहते हे दाखवायला माझ्याजवळ कागदाचा कपटाही नाही. त्यानंतर तुम्ही भेटलात. माझं नाव, त्याखाली वडिलांचं नाव आणि पुढे पुण्याचा पत्ता. बँकेनं तो पत्ता मानला, आधार कार्डावर तो चढला. मी पीडीएफ दादांना पाठवली, तर त्यांनी ती बार्शीत छापून आणली आणि शेताच्या सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवली. आमच्या घरात त्या फाइलीपेक्षा मानाची जागा नाही.

तुमचा स्वभाव असा का, हेही मी समजून घेतलं आहे. तुम्ही घरमालकाच्या भीतीतून जन्मलात. जुन्या काळी, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात, एकदा घरात आलेला भाडेकरू सहसा निघत नसे. भाडंही वाढत नसे. म्हणून लोकांनी भाडेकरू हा शब्द टाळून लायसन्स, म्हणजे नुसती राहायची परवानगी, हा मार्ग काढला. परवानगीची ही व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात होतीच. पुढे १९७३ साली कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ज्यांची परवानगी चालू होती, ते सगळे भाडेकरू ठरले. मालक पुन्हा धास्तावले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपूनही जो जागा सोडत नाही, त्याला दुप्पट दरानं नुकसानभरपाई भरावी लागते. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं, की तुम्ही लेखीच असायला हवं, तुमची नोंदणी व्हायलाच हवी आणि ती करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केलेली नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर समोरच्यानं सिद्ध करायचं. हे कलम मला कळलं त्या दिवशी तुमच्याबद्दलचा आदर फार वाढला. तुमच्यात आमच्याही बाजूचं काहीतरी आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमचे अकरा महिने मात्र मला कोडं वाटत आले. बारा का नाहीत? १९०८ च्या नोंदणी कायद्यानं वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोक एक महिना अलीकडेच थांबू लागले. महाराष्ट्रात आता एक महिन्याच्या लायसन्सलाही नोंदणी लागते. कारण गेलं, सवय उरली. त्या सवयीपायी दर अकरा महिन्यांनी आमचा जीव टांगणीला लागतो, एजंटाचं कमिशन नव्यानं निघतं आणि आम्ही खोकी बांधायला दोरी शोधत फिरतो.

ही झाली लहान तक्रार. मोठी पुढे आहे.

तुमच्या शेवटच्या पानावर सामानाची यादी असते. पंखे ४, ट्यूबलाइट ५, गिझर १, पडद्याचे रॉड ६, किल्ल्यांचे जोड ३. पडद्याच्या प्रत्येक रॉडची तुम्ही नोंद घेतलीत. त्या घरात तीन अनोळखी बायका एका शेगडीवर, एका फ्रिजमध्ये, एका बेसिनपाशी अकरा महिने काढणार, त्याबद्दल तुमच्यात एक ओळ नाही. आम्ही तिथे लायसन्सी क्रमांक एक, दोन आणि तीन. माझा क्रमांक दोन.

तुमच्या चौथ्या आवृत्तीतली क्रमांक एक तुम्हाला आठवत असेल. आतली मोठी खोली तिची होती. तिचं नाव मी इथे घेत नाही, तिला आवडायचं नाही. माझी लॅबमधली दुसरी पाळी, नमुन्यांची नोंद लावून घरी यायला रात्रीचे साडेअकरा होत. कुलपाला किल्ली लागे, दार मात्र उघडत नसे. आतून कडी. बेल वाजवायची, फोन करायचा, जिन्यावर बसून राहायचं. एकदा पाऊण तास बसले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "काय गं, घरात घेत नाहीत का?" त्यांनी मायेनंच विचारलं होतं. मला मात्र रडू आलं.

कढई तीन-तीन दिवस बेसिनमध्ये भिजत पडलेली असे. भांड्याच्या मावशींनी महिनाभर सोसलं आणि एक दिवस न सांगता यायच्या बंद झाल्या. मावशींच्या पगाराचा तिचा वाटा कधीच येत नसे. गिझर सकाळी लागला की दुपारीच कोणाच्या तरी लक्षात येई आणि महावितरणचं बिल तिघींत वाटलं जाई. तिची मैत्रीण म्हणून एक मुलगी दोन दिवसांसाठी आली आणि सात आठवडे राहिली. आणि चटणी. आईनं उखळात कुटलेली शेंगांची चटणी, लाल, तेल सुटलेली, स्टीलच्या डब्यात वरून दाबून भरलेली. तो डबा मी पुरवून पुरवून खात होते. एका रात्री उघडला तर आत चमचा उभा होता, ओला, आणि चमच्याभोवती पांढरी लव आली होती. तो डबा रिकामा करताना मी जितकी चिडले, तितकी कडीवरूनही चिडले नव्हते.

बोलले नाही असं नाही. आधी गोडीनं, मग फ्रिजवर चिठ्ठी लावून, मग आवाज चढवून. ती म्हणायची, "तुम्हा दोघींना माझ्याच चुका दिसतात." मग आम्ही बोलणंच टाकलं. अकरा महिन्यांपैकी चार महिने आम्ही एका घरात मुक्यानं काढले. पाणी भरून ठेवायचं असेल तरी निरोप जळगावच्या तिसरीमार्फत जाई. ज्यानं असं घर काढलं नाही, त्याला सांगून कळणार नाही, की दार उघडताना आत दिवा दिसला तर पोटात कसा गोळा येतो.

आता एजंटाविषयी. जागा दाखवताना त्याचा फोन पहिल्या घंटेला उचलला जाई. एक महिन्याचं भाडं, चोवीस हजार, कमिशन म्हणून त्यानं तिघींकडून आठ-आठ हजार करून घेतलं. मालक आखातात, किल्ल्या, हिशेब, दुरुस्ती सगळं एजंटाच्या हाती. बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून गळायला लागलं तेव्हा सोळा दिवसांनी प्लंबर आला. मी कडीची तक्रार केली, पाहुणीची केली, मावशींची केली. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: "मॅडम, ते तुम्ही आपसात बघून घ्या." एजंटाची तक्रार करावी तर कुठे? २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटांची नोंदणी आहे, पण ती प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीच्या व्यवहारापुरती. भाड्याची जागा दाखवून महिन्याचं भाडं घेणाऱ्याला तो कायदा काही विचारत नाही.

आठव्या महिन्यात जळगावची कंटाळून गेली. अशा वेळी काय करतात तुम्हाला ठाऊक नसेल, कारण ते तुमच्या पाठीमागे चालतं. येणारी मुलगी आपली अनामत जाणारीच्या हातात ठेवते. मालकाकडचे पैसे जागचे हलत नाहीत, तुमच्यावरचं नाव बदलत नाही, एक बाई दुसरीच्या नावावर राहू लागते. आम्हाला येणारी मिळेचना. आमच्या घरात पाय ठेवताच मुलींना कळायचं, की इथे कोणी कोणाशी बोलत नाही. एजंटाला म्हटलं, दोघींचं सोळा हजार देतो. तेव्हा त्यानं तुमचं पान उघडून दाखवलं: तिघींची नावं एकत्र, भाडं एकत्र, चोवीस हजार, थकलं तर पंचाहत्तर हजारांच्या अनामतीतून वळतं. आणि पुन्हा तेच, आपसात बघून घ्या.

इथे माझं तुमच्याशी भांडण आहे. पैशापुरत्या आम्ही तिघी एक, असं तुम्ही लिहिलंत. तिसरी गेली तर तिचा भार उरलेल्या दोघींवर, हेही लिहिलंत. मग ज्या बाईच्या भाड्याला मी बांधील आहे, तिनं रात्री दाराला कडी घालावी की नाही, यात मला एक शब्द बोलायची जागा का दिली नाहीत? पुढचे तीन महिने आम्ही दोघींनी बारा-बारा हजार भरले. न बोलता. तिचा हिस्सा मात्र प्रत्येक वेळी एक तारखेला सकाळी नऊच्या आत खात्यात येत होता. ते मी तेव्हा पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

आता ज्या आठवणीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती सांगते.

शेवटचा दिवस होता. पलंग-फ्रिज खाली गेले होते, हॉलमध्ये नुसती फरशी. एजंट रंगाचे पैसे कापणार म्हणून अडून बसला होता आणि मी म्हणत होते, दाखवा कुठे लिहिलंय. तो फोनवर बोलत बाहेर गेला. मी पीडीएफ उघडून बसले. ती दाराशी उभी होती, मग येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "मोठ्यानं वाच. मी कधी वाचलंच नाही."

तुमच्याविषयी मला तेव्हा कळलं, ते हे. तुमच्यावर तीन अंगठे होते, पण तुम्हाला आम्ही तिघींनी एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. माझा अंगठा लॅबच्या कँटीनमध्ये घेतला होता, तिचा तिच्या आधीच्या हॉस्टेलच्या फाटकाशी, जळगावचीचा बसस्टॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर. यंत्र हिंडत होतं, आम्ही आपापल्या जागी होतो. आणि प्रत्येकीला एजंटानं वेगळं घर विकलं होतं. मला सांगितलं होतं, शांत घर आहे, पाहुणा एकही चालत नाही. तिला सांगितलं होतं, घरचं माणूस आलं-गेलं तर काही हरकत नाही आणि मावशींचा पगार भाड्यातच धरला आहे. तुमची अकरा कलमं मी इंग्रजीतून मराठीत करत वाचली. मावशींचा उल्लेख कुठेच येईना, तसा तिचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तुम्ही माझ्याकडून दोनदा पैसे मागत नव्हता?" सात महिने तिला वाटत होतं, की आम्ही दोघी मिळून तिला फसवतो आहोत. आणि सात आठवडे राहिलेली ती मैत्रीण तिची धाकटी बहीण होती. परीक्षेसाठी आलेली. बहीण म्हटलं तर आम्ही कायमची समजू, म्हणून मैत्रीण सांगितलं.

मग मी कडीचं विचारलं. ती थोडा वेळ फरशीकडे बघत राहिली. म्हणाली, दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती झोपली असताना दार उघडलं. एजंटाकडे चौथी किल्ली होती. शेजारचा फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या दोन पुरुषांना तो "असाच आहे" म्हणून आमचं घर दाखवायला घेऊन आला होता. ती गाउनमध्ये, ते तिघे हॉलमध्ये. तिनं त्याला फोन करून सुनावलं, तेव्हा तो म्हणाला, दार उघडं-बंद तुम्ही आपसात बघून घ्या. त्या दिवसापासून घरात एकटी असली की कडी लावल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. "तुला का नाही सांगितलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा आपण बोलत होतो कुठे?"

बोलत होतो. दुसऱ्या महिन्यात आम्ही बोलत होतो. पण ओळख नव्हती आणि असलं काही सांगायला ओळख लागते. यादीत किल्ल्यांचे जोड ३ लिहून तुम्ही चौथ्याबद्दल गप्प बसलात, त्याची किंमत तिनं झोपेनं दिली आणि मी जिन्यावर बसून. चटणीतला चमचा मात्र तिचाच होता. तो तिनं कबूल केला. कढईही. सगळं काही एजंटाचं पाप नव्हतं आणि मीही फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीत लिहू नये ते लिहिलं होतं. ते मीही कबूल केलं. रंगाचे आठ हजार कापले गेलेच. आम्ही एकाच रिक्षातून कर्वे पुतळ्यापर्यंत आलो आणि आपापल्या वाटेनं गेलो. आता दिवाळीला एकमेकींना फोन करतो.

आमच्या या कर्वेनगराला पूर्वी हिंगणं म्हणत. तिथे १९०० साली महर्षी कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम हलवला. रक्ताचं नातं नसलेल्या बायका इथे एका छपराखाली सव्वाशे वर्षं राहत आल्या आहेत. आज इथल्या प्रत्येक दुसऱ्या इमारतीत अशा तिघी-चौघी राहतात. नोकरी करणाऱ्या, परीक्षा देणाऱ्या, पहिल्यांदा घर सोडून आलेल्या. त्यांच्या आईवडिलांना रात्री झोप लागते ती तुमच्या भरवशावर. म्हणून तुमच्याकडे हक्कानं मागते.

तुमच्यात एक पान वाढवू द्या. आमच्या भाषेत, आमच्या हातचं. त्यावर लिहू, की मावशींचा पगार किती आणि कोणाचा वाटा किती. पाहुणा किती रात्री, आणि त्याहून जास्त राहिला तर विजेच्या बिलात त्याचा वाटा. दाराच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे. एजंटाकडे असेल तर तो किमान चोवीस तास आधी कळवल्याशिवाय ती लावणार नाही. केंद्रानं २०२१ साली केलेल्या आदर्श भाडे कायद्यात चोवीस तासांची ही अट आहे, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असंही आहे. पण राज्यांनी स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. कायद्याची वाट बघायची, तोवर कागदावर लिहायला आम्हाला कोण अडवतं? जाणारीनं महिनाभर आधी तिघींसमोर सांगायचं, नवी येईल तेव्हा नवं नाव नोंदवून घ्यायचं. अनामतीतला कोणाचा किती वाटा, तो आकड्यात. रंगाचे पैसे कापणार असाल तर किती, ते आजच. आणि घराची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याचं नाव, फोन आणि दुरुस्तीला किती दिवस, हेही त्याच पानावर, त्याच्या सहीनिशी. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि नोंदणीचे हजार रुपये आम्ही भरतोच. एका पानाचा भार तुम्हाला जड होऊ नये.

दुसरी विनंती यंत्राला. तीन अंगठे तीन ठिकाणी घेऊ नका. एका खोलीत घ्या.

शनिवारी संध्याकाळी मी नांदेडच्या आणि चिपळूणच्या मुलीला नव्या घरी बोलावलं आहे. गॅस अजून जोडलेला नाही, म्हणून थर्मासमधून चहा नेणार आहे. आईनं चटणीचा नवा डबा पाठवला आहे, तोही. वहीतलं एक रेघी पान फाडून ठेवलं आहे. तुम्हाला मोठ्यानं वाचू, कलमामागून कलम, आणि एजंटानं कोणाला काय सांगितलं ते एकमेकींना विचारू. मग पानावर लिहू. पहिली ओळ मी ठरवून ठेवली आहे: रात्री उशिरा येणारीनं निघताना फोन करायचा, घरातलीनं कडी काढायची, आणि कडी लावावीशी का वाटते, ते एकमेकींना सांगायचं.

रविवारी दहा वाजता तुम्ही याल तेव्हा ते पान टाचणीनं तुम्हाला जोडलेलं असेल. तेवढं सांभाळून घ्यावं, ही विनंती. आपसात काय बघायचं, ते आम्ही आदल्या दिवशीच बघून ठेवलं असेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लायसन्सी क्रमांक दोन